गच्चीची किल्ली कोणापाशीं?

घरोघर भाजी पिकवा, असा उपदेश अलीकडे पुष्कळ ऐकूं येतो. उपदेश चांगला; परंतु ज्यांस तो करावयाचा, त्यांची जागा कोणी पाहिली आहे काय? मुंबईंत झोपडपट्टी पुनर्वसन योजनेखालीं कुटुंबास मिळणारें घर ३०० चौरस फुटांचें. त्यांत पांच माणसें, शेगडी, अंथरुणें व पाण्याचें पिंप. खिडकींतलें ऊन समोरच्या इमारतीनें अडविलेलें. बियांची पुडी हातीं पडली तरी गृहिणीनें मेथी पेरावी कोठें?

प्रश्न केवळ हौसेचा नाहीं. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील सहा महिने ते पांच वर्षें वयाच्या मुलांपैकीं शेंकडा सुमारें ६९, व १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकीं शेंकडा सुमारें ५४ यांस रक्तक्षय आढळला. चार कुंड्यांनीं हा रोग हटेल असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु बाजारभाव चढला म्हणजे गरिबास ज्या पालेभाजीवर पाणी सोडावें लागतें, तिला वीतभर खोल माती, रोजचें चार-पांच तास ऊन व तळाशीं भोंकें पाडलेलें जुनें घमेलें पुरतें. मेथी तर महिन्याच्या आंत खुडतां येते.

म्हणजे उणीव बियांची नसून उन्हाची आहे. ऊन गच्चीवर आहे, आणि गच्चीस कुलूप आहे! गच्ची गळेल, भार पडेल, ही संस्थेच्या चिटणीसांची भीति अगदींच खोटी नव्हे. पण तीस उपाय आहेत. आधीं इंजिनियराकडून गच्ची तपासून घ्यावी. नुसत्या मातीऐवजीं नारळाचा भुसा व ओल्या कचऱ्याचें खत मिसळून भार हलका करावा. कुंड्या विटांवर ठेवून पाण्यास वाट द्यावी. १९९१ त सोव्हिएत संघ मोडला व क्युबास बाहेरचें अन्न, तेल व खत मिळेनासें झालें, तेव्हां हवाना शहरांतील पडीक जागा लोकांस लागवडीकरितां मोफत वापरावयास मिळाल्या. तेथें उपदेशाबरोबर जागाहि दिली गेली.

आमचें मागणें थोडें आहे. पुनर्वसनाच्या इमारतींचे नकाशे मंजूर करितांनाच गच्चीचा एक उन्हाचा कोपरा, गळतीचा बंदोबस्त व पाण्याचा नळ यांची सक्ती असावी. जुन्या संस्थांनीं नियम करून गच्च्या उघडाव्या. आणि पाणी वर वाहून नेण्याचें काम घरांतील पुरुषांनींहि वांटून घ्यावें. नाहींतर ही सुधारणा म्हणजे बायकांच्या कष्टांत एका नव्या ओझ्याची भर होईल.