बोर्ड माझा, किल्ली त्यांची

मंडळी, गेला विकांत मी मामाच्या दुकानात फरशीवर बसून काढला. एका हातात मोबाइलचा टॉर्च, दुसऱ्या हातात आठ पायांची चिप पकडायचा चिमटा. त्यामुळे आजचा लेख जरा चिडून लिहिलाय, हे आधीच सांगून टाकतो. काही गोडधोड वाचायला आला असाल तर पुढच्या शनिवारी या :)

तर झालं असं. मामाचं सदाशिव पेठेत डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, स्मरणिका, सोसायट्यांचे वार्षिक अहवाल, असली कामं. २०१२ साली मीच त्याला एक मशीन जोडून दिलं होतं. तिसऱ्या पिढीचा आय-७, झेड-७७ चिपसेटचा बोर्ड, सोळा जीबी रॅम आणि एक गेली तर दुसरी असावी म्हणून आरशासारख्या जोडलेल्या दोन हार्ड डिस्क, म्हणजे रेड-१. तेव्हाचं बिल पाहून मामी आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती. पण मशीन दणकट निघालं. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला म्हणून त्याची नेटची वायर काढून ठेवलीये, मेलबिल मामा लॅपटॉपवर बघतो. बाकी पानं लावायचं काम आजही त्यावरच चालतं.

तक्रार एकच. "अरे, फोटोशॉप उघडेपर्यंत माझा चहा पिऊन होतो. नवीन घेऊ का?"

म्हटलं, थांब मामा. माझ्या जुन्या लॅपटॉपमधली एक एनव्हीएमई ड्राइव्ह घरी नुसती पडून होती. ती स्लॉटमध्ये बसवायचं कार्ड काहीशे रुपयांत मिळतं. बसवलं, विंडोज चालू केलं, ड्राइव्ह दिसली, फाइली धावायला लागल्या. मामा खूश. मग त्या ड्राइव्हवरच विंडोज टाकून मशीन तिच्यावरून सुरू करायला गेलो, तर बायॉस म्हणतं, ही कोण? आपली ओळख नाही!

(साधी साटा एसएसडी का नाही लावली, असं विचारणाऱ्यांसाठी: लावता आली असती. पण हातातली चांगली वस्तू सोडून दुसरी विकत का घ्यायची, हाच तर आजचा विषय आहे.)

दोष ड्राइव्हचा नव्हता, बोर्डाचाही नव्हता. बायॉसला एनव्हीएमईची भाषा शिकवणारा एक छोटा मोड्यूल त्यात नव्हता, एवढंच. कंपनीने या बोर्डाचं शेवटचं बायॉस २०१३ मध्ये काढलंय. सपोर्टला लिहिलं. दोन दिवसांनी उत्तर आलं, त्याचा मथितार्थ असा की सदर उत्पादनाचं आयुष्य संपलं आहे, कृपया नवीन उत्पादनाचा विचार करावा.

म्हणजे आयुष्य संपलं, हे मशीनला कुणी सांगितलंच नाही. ते बिचारं रोज सकाळी दहाला सुरू होतंय.

मिसळणाचा डबा

बायॉस म्हणजे एक अखंड प्रोग्राम आहे असा बऱ्याच जणांचा समज असतो. प्रत्यक्षात तो मिसळणाचा डबा आहे. मोहरीची वाटी वेगळी, हळदीची वेगळी. नेटवर्कवरून बूट करायचा मोड्यूल एकाचा, ग्राफिक्सचा दुसऱ्याचा, रेडचा चिपसेटवाल्याचा, वर जादा साटा कंट्रोलर असेल तर त्याचा आणखी तिसऱ्याचा. बोर्ड कंपनी या वाट्या बहुतेक स्वतः भरत नाही. ती त्या आणते, डब्यात मांडते आणि झाकणाला डाग देऊन, म्हणजे अगदी वेल्डिंग करून, डबा आपल्या हातात देते.

जुन्या पद्धतीत हे मोड्यूल म्हणजे ऑप्शन रॉम. मशीन सुरू होताना बायॉस मेमरीच्या ठरावीक पट्ट्यात दर दोन किलोबाइटांवर '५५ एए' ही खूण शोधतं. ती सापडली की तिथला कोड चालवतं. त्या कोडने डिस्क ओळखली तर ठीक, नाहीतर तुमची डिस्क नुसती शोभेची. यूईएफआय आल्यावर त्याच कामाला डीएक्सई ड्रायव्हर म्हणू लागले. नाव बदललं, वेल्डिंग तेच.

आणि हे दुखणं आजचं नाही. २००० च्या दशकात बोर्डावर वेगळी रेड चिप असायची, चिपवाला नवा ऑप्शन रॉम काढायचा आणि बोर्डवाला तो घ्यायचाच नाही. मग लोक अवॉर्डच्या बायॉसमधून सीबीरॉम वापरून जुना मोड्यूल काढत, नवा घालत. एएमआयच्या बायॉससाठी एमएमटूल होतं. मीही कॉलेजात हे उद्योग केलेत. तेव्हा थ्रिल वाटायचं. आता पोटापाण्याच्या मशीनवर करताना घाम फुटतो.

२०१२ चा किस्सा तर नमुनेदार आहे. रेड-० मध्ये जोडलेल्या एसएसडींना ट्रिम मिळावं ही लोकांची जुनी मागणी. (ट्रिम म्हणजे 'या जागेवरचा मजकूर पुसलाय, ती मोकळी समज' असं विंडोजने ड्राइव्हला सांगणं. ते नसेल तर ड्राइव्ह हळूहळू मंदावते.) इंटेलने ही सोय ७-मालिकेच्या चिपसेटसाठी दिली. ६-मालिकेच्या बोर्डांत मात्र दहाव्या आवृत्तीचे रेड ऑप्शन रॉम होते आणि लागत होती अकरावी. हौशी लोकांनी आपल्या ६-मालिकेच्या बायॉसमध्ये अकरावी आवृत्ती घातली आणि ट्रिम चालू झालं. सिलिकॉन तेच, बोर्ड तोच. आड येत होती फक्त एक शिळी वाटी.

एनव्हीएमईची गोष्ट तशीच. त्याचं पहिलं प्रमाण मार्च २०११ मध्ये प्रसिद्ध झालं, म्हणजे मामाचा बोर्ड बाजारात येण्याच्याही आधी. त्यासाठीचा यूईएफआय ड्रायव्हर ईडीके-२ या प्रकल्पात मुक्त परवान्याखाली पडलेला आहे. कुणीही घ्यावा, वापरावा, विकावा. बोर्ड कंपनीला तो लिहायचा नव्हता, विकत घ्यायचा नव्हता, फक्त डब्यात ठेवायचा होता. ठेवला नाही. का ठेवेल? नवा बोर्ड विकायचाय ना.

शनिवार रात्र, मशीन उघडं

मग मीच बसलो. आधी मामाचा सगळा डेटा बाहेरच्या डिस्कवर. मशीनची वायर काढली, बोर्डावरचा सेलही काढला. स्वस्तातला यूएसबी प्रोग्रॅमर आणला. त्यातही गोम अशी, की चिप ३.३ व्होल्टची आणि काही स्वस्त प्रोग्रॅमर डेटाच्या तारांवर चक्क ५ व्होल्ट सोडतात. म्हणजे आधी मीटर लावून बघा. चिमटा लावून चिप वाचली. नियम असा की दोनदा वाचायची आणि दोन्ही फाइली जुळवायच्या. माझ्या जुळल्या नाहीत. चिमट्याचा एक पाय केसभर सरकला होता. तशीच फाइल परत लिहिली असती तर सोमवारी मामाच्या गिऱ्हाइकांना पत्रिका मी हाताने लिहून दिल्या असत्या.

तिसऱ्या-चौथ्या वेळी जुळल्या. मूळ फाइल तीन ठिकाणी ठेवली. मोड्यूल घातला, जागा पुरतेय का पाहिलं, लिहिलं, परत वाचून ताडून पाहिलं. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा. मशीन बंद झालं, आपोआप परत सुरू झालं. पडदा काळाच. मामा म्हणाला, "काय रे?" मी म्हटलं, "काही नाही." ती दहा-पंधरा सेकंद मी विसरणार नाही.

मग पडदा उजळला. इथेही एक खड्डा होता. सेल काढल्यामुळे सेटिंगं मूळपदावर गेली होती आणि साटाचा मोड रेडवरून एएचसीआयवर आला होता. तसंच पुढे गेलो असतो तर आरशाच्या दोन डिस्क दोन सुट्या डिस्क म्हणून समोर आल्या असत्या. विंडोजने त्यातल्या एकीवर काही लिहिलं की आरसा तडकलाच.

आता मला सांगा, हे सगळं मामाने करावं? त्याला पानं लावता येतात, त्याने चिप का वाचावी? आणि ज्याच्याकडे असला रिकामटेकडा भाचा नाही, त्याने चाळीस-पन्नास हजार मोजून नवं मशीन आणावं, चालू मशीन भंगारात द्यावं?

"पण सुरक्षेचं काय?"

आमच्या हापिसात हे बोललो तर एक मित्र लगेच म्हणाला, कुणालाही बायॉस बदलू दिलं तर व्हायरसवाले सोडतील का?

मुद्दा खरा आहे, टाळणार नाही. २६ एप्रिल १९९९ ला सीआयएच व्हायरसने कित्येक मशीनांची बायॉस चिप खरवडून टाकली. २०१८ मध्ये ईसेटच्या संशोधकांनी लोजॅक्स पकडला. तो काय करायचा? चिप वाचायचा, त्यात एक डीएक्सई मोड्यूल घालायचा, परत लिहायचा. म्हणजे मी शनिवारी रात्री केलं तेच! फक्त घरमालकाला न विचारता.

फरक तेवढाच आहे, आणि सगळा मुद्दा त्या फरकात आहे. चोराला अडवायला कुलूप हवंच. पण आजच्या कुलपाची किल्ली घरमालकाकडे नाही. २०१३ पासून आलेल्या बूट गार्डमध्ये कंपनीच्या किल्लीचा ठसा चिपसेटमध्ये कायमचा जाळून ठेवता येतो. तसा ठेवला की बायॉसच्या राखीव भागाला तुम्ही हात लावू शकत नाही.

आणि या किल्ल्या सांभाळल्या कशा? २०२३ मध्ये एमएसआयवर सायबर हल्ला झाला आणि बूट गार्डच्या खाजगी किल्ल्या जालावर फुटल्या. विकलेल्या बोर्डातला जाळलेला ठसा आता बदलणार कसा? २०२४ मध्ये बायनार्लीने दाखवून दिलं की शेकडो मॉडेलांमध्ये सिक्युअर बूटची मुख्य किल्ली म्हणून एएमआयची चाचणीपुरती दिलेली किल्लीच तशीच विकली गेलीये. त्या किल्लीवर इंग्रजीत चक्क 'डू नॉट ट्रस्ट' लिहिलेलं होतं. विश्वास ठेवू नका! आणि आमच्यावर मात्र विश्वास ठेवा म्हणतात.

शिवाय २०१३ नंतर ज्या बायॉसला हात लागला नाही, ते सुरक्षित कसं? त्यातली भोकंही कुलपासकट गोठलेली आहेत.

दुसरा आक्षेप खर्चाचा. प्रत्येक जुन्या बोर्डावर चाचणी कोण करणार? कबूल. पण मग वाट्या सुट्या द्या की. सर्व्हरच्या रेड कार्डांचं फर्मवेअर वर्षानुवर्षं वेगळं मिळतंय. लिनक्सवाल्यांनी एलव्हीएफएस उभारून कंपन्यांचं फर्मवेअर एका ठिकाणाहून वाटायची सोयही केलीये. तिसरा आक्षेप, लोक मशीन बिघडवतील. त्यावरचा उपायही काही बोर्डांवर आधीपासून आहे: दोन बायॉस चिपा, किंवा प्रोसेसर नसतानाही पेन ड्राइव्हवरून बायॉस लिहिणारं बटण. महागड्या बोर्डाची मिरवायची गोष्ट म्हणून ते ठेवलंय, तेच साध्या बोर्डावर द्या.

माझ्या मागण्या

चारच आहेत. एक, या बोर्डाला अमुक सालापर्यंत फर्मवेअर मिळेल, हे खोक्यावर छापा, दुधाच्या पिशवीवर तारीख असते तसं. दोन, स्टोरेजचे मोड्यूल बायॉसपासून सुटे करून द्या. तीन, बोर्डावर एक जम्पर ठेवा; मशीन उघडून तो हलवला तरच मालकाला स्वतःची किल्ली नोंदवता येईल. रशियातून बसून कुणी माझा जम्पर हलवू शकत नाही. चार, आधार बंद करताना शेवटच्या बायॉसमध्ये त्या दिवशीचे सगळे ताजे मोड्यूल घालून मगच हात झटका.

आपल्या सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू झाले, त्यांचा मुख्य भर कचरा गोळा करून त्याच्या पुनर्वापरावर. चांगलंच आहे. पण चालू वस्तूला काही किलोबाइट नाकारून तिचा कचरा केला जातो, त्याचं काय? स्क्रू मिळाला आणि फर्मवेअर नाही मिळालं, तर त्याला दुरुस्ती म्हणायचं?

आणि राजेहो, आपणही फार साळसूद नाही. 'एंड ऑफ लाइफ' हा शब्द त्या सपोर्टवाल्याने लिहिला, पण असली वाक्यं मीटिंगमध्ये आपणच ठरवतो. मीही ठरवलीयेत. स्प्रेडशीटमध्ये एक ओळ लाल करताना तिच्या पलीकडे सदाशिव पेठेतला मामा दिसत नाही. या सोमवारी तशी एक ओळ माझ्यासमोर येणार आहे. या वेळी विचारणार आहे, की बंद करतोय ते ठीक, पण वापरणाऱ्याच्या हातात काय देऊन जातोय?

असो. मशीन चालू आहे. फोटोशॉप आता चहा यायच्या आत उघडतं. बूटच्या यादीत ती एनव्हीएमई ड्राइव्ह मात्र 'पाटा' म्हणून दिसते, कारण जुन्या बायॉसला तिचं खरं नाव लिहिता येत नाही. मामाला सांगितलं तर म्हणाला, "असू दे रे. माझंही नाव रेशनकार्डावर चुकलंय, धान्य मिळतंच की."