झोपेपुरतं घरी येणाऱ्याने घर निवडू नये

गुवाहाटीहून मुंबईला बदली झाल्याचं पत्र डिसेंबरात आलं. मुलाचं आठवीचं वर्ष पुरं करून आम्ही सगळ्यांनी जायचं, त्याआधी यजमानांनी जाऊन घर बघून यायचं, असं ठरलं. त्यांची बँक फोर्टात. जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी दलालाने त्यांना बदलापूर स्टेशनवरून स्वतःच्या गाडीत बसवलं आणि चार किलोमीटरवरच्या एका नव्या संकुलात नेलं. सातवा मजला, मोठा हॉल, खिडकीतून डोंगर. त्यांनी फोटो पाठवले आणि मी गुवाहाटीतून हो म्हटलं. चूक दोघांची आहे, आणि ती तुमच्या हातून होऊ नये म्हणून हे लिहिते आहे.

गुवाहाटीत आम्ही उजानबजारात, ब्रह्मपुत्रेच्या काठाजवळ राहायचो. सासूबाईंना असमिया येत नव्हती, हिंदीही बेताची. तरी गल्लीतली पोरं त्यांना ‘आइता’ म्हणायची, म्हणजे आजी. सकाळी त्या कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायच्या आणि तासाभराने परत यायच्या, कारण वाटेत चार दारांत थांबणं व्हायचं. महाराष्ट्रात येताना त्यांना केवढा आनंद झाला होता! आता सगळीकडे आपली भाषा. बदलापूरला येऊन तीन आठवडे झाले तेव्हा त्या मला म्हणाल्या, “अगं, इथे हाक कुणाला मारायची ते तरी सांग.”

त्यांच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमच्या मजल्यावरच्या चारपैकी तीन घरांना दिवसभर कुलूप असायचं. संकुलाच्या फाटकाबाहेर रस्ता, त्यापुढे मोकळे प्लॉट. औषधाचं दुकान दीड किलोमीटरवर. सत्तरीच्या बाईला चालत जाता येईल असं देऊळ नाही, बाजार नाही, बाकडं नाही. लिफ्ट बंद पडली की त्या सातव्या मजल्यावर अडकायच्या. यजमान सकाळी सव्वासहाला निघून रात्री सव्वानऊला यायचे. ते हॉल आणि डोंगर बघायला आठवड्यातून एक दिवस घरी असत. उरलेले सगळे दिवस त्या जागेत आम्ही तिघांनी काढायचे होते, आणि आमच्यापैकी एकानेही ती आधी पाहिली नव्हती.

ज्याची नोकरी, त्याने घर पाहायचं, हा आपल्याकडचा रिवाज आहे. त्याच्या ऑफिसचं अंतर आणि त्याच्या कर्जाचा हप्ता, एवढ्यावर निर्णय होतो. पण मुंबईसारख्या शहरात नोकरी करणारा माणूस उपनगरात बहुतेक झोपायलाच येतो. तिथे जागेपणी राहतात ते म्हातारी माणसं, मुलं, आणि घर सांभाळणारी बाई किंवा पुरुष. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे: परराज्यातून कुटुंब हलवताना घर पाहायला जो कोणी जाईल, त्याच्याबरोबर दिवसभर घरात राहणारं एक माणूस गेलंच पाहिजे. तिकिटाचा खर्च होईल. आम्ही तो वाचवला आणि पुढे चौदा महिने पस्तावलो.

आणि आल्या आल्या घर विकत घेऊ नका. अकरा महिने भाड्याने राहा. महाराष्ट्रात भाडेकराराची, म्हणजे लिव्ह अँड लायसन्सची नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे आणि ती ऑनलाइन होते. मालक ‘साध्या स्टॅम्प पेपरवर करू’ म्हणाला तर ऐकू नका. अनामत रक्कम गुंतली आणि दलालाला एक महिन्याचं भाडं गेलं तरी, चुकीच्या जागी अडकलेल्या वीस वर्षांच्या कर्जापुढे ते काहीच नाही. भाड्याच्या घरातून तुम्हाला त्या भागाचा पावसाळा दिसतो आणि मे महिनाही दिसतो. दलाल हे दोन्ही दाखवत नाही.

आता लोकल गाडीविषयी, कारण मुंबईकडे येणाऱ्या कुटुंबाचं अर्धं आयुष्य तिच्यावर ठरतं. सीएसएमटीपासून ठाणे 34 किलोमीटर, डोंबिवली 48, बदलापूर 68, पनवेल 49, चर्चगेटपासून विरार 60. हे आकडे नकाशात दिसतात आणि बाहेरगावच्या माणसाला त्यात फार काही वाटत नाही. 68 किलोमीटर म्हणजे आमच्याकडे तासाभराचा रस्ता, असं आम्हीही म्हटलं होतं. पण मोजायचं ते घराच्या दारापासून ऑफिसच्या दारापर्यंत. संकुलातून स्टेशनला जाणाऱ्या शेअर रिक्षाची रांग, पुलावरची गर्दी, समोर येऊनही चढता न आलेली पहिली गाडी, मग दीड तासाचा प्रवास आणि उतरल्यावरची चाल. आमचा हिशेब जाऊन-येऊन साडेपाच तासांवर गेला.

हे रविवारी कळत नाही. रविवारी मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी गाड्या बंद, असतो किंवा डबे रिकामे असतात. सोमवार ते शुक्रवारमधला एक दिवस निवडा आणि ज्या स्टेशनचा विचार आहे तिथून सकाळी साडेसात ते साडेआठच्या मध्ये खरोखर गाडी पकडा. संध्याकाळी सहानंतर परत या. घरात नोकरी करणारी बाई असेल तर तिने स्वतः महिलांच्या डब्यातून हा प्रवास करून पाहावा. दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नये. त्या स्टेशनातून गाडी सुटते की मागून भरून येते, हेही विचारा. ठाणे, डोंबिवली, कल्याण, बदलापूर इथून सुटणाऱ्या काही लोकल आहेत. त्यांची वेळ तुमच्या ऑफिसशी जुळली तर बसायला जागा मिळण्याची थोडीफार आशा असते. जुळली नाही तर दारात उभं राहणं आलं. 9 जून 2025 ला सकाळच्या गर्दीत मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून पडून माणसं गेली. त्या बातमीनंतर कितीतरी घरांत त्या दिवशी एकमेकांना फोन झाले असतील. घर घेताना ही गोष्ट बाजूला ठेवू नका.

जाहिरातीतल्या नावांवरही विसंबू नका. ‘ठाणे’ लिहिलेलं असतं आणि जागा निघते घोडबंदर रस्त्यावर, स्टेशनपासून दहा-बारा किलोमीटरवर. ‘स्टेशनपासून दहा मिनिटं’ ही मिनिटं कोणत्या वाराची आणि कोणत्या वाहनाची, ते विचारा. ‘मेट्रो येते आहे’ हे वाक्य कानावर आलं की आजच्या आज धावणारी गाडी धरूनच हिशेब करा. मेट्रो येतेही, पण तोवर तुमचं मूल पाचवीतून दहावीत गेलेलं असतं. उलट, नोकरी ऐरोली, महापे किंवा वाशीकडे असेल तर ठाण्याहून ट्रान्स-हार्बर मार्ग आहे, नवी मुंबईतच राहण्याचा पर्याय आहे. मग दक्षिण मुंबईपासूनचं अंतर मोजत बसायचं कारणच नाही.

पाण्याचं सांगताना मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण बाहेरून येणारे ‘नळ आहे ना?’ एवढंच विचारतात. नळ सगळीकडे आहे. प्रश्न आहे तो त्यात मे महिन्यात काय येतं याचा. मुंबईला लागून असलेल्या सगळ्या शहरांचं पाणी एकाच ठिकाणाहून येत नाही. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे. तिच्या शेजारी, पनवेलच्या बाजूला, गेलात की टँकर दिसू लागतात. वसई-विरारकडे सूर्या प्रकल्पाचं पाणी येतं, तरी बऱ्याच इमारतींचा भार टँकरवर आहे. आमच्या संकुलात एप्रिलपासून दिवसाला अर्धा तास पाणी यायचं आणि टँकरचा खर्च देखभालीच्या बिलात वाढून यायचा. दलालाला पाण्याबद्दल विचारू नका, सोसायटीच्या वॉचमनला विचारा. समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा की विसेक लिटरचे जार कोणत्या महिन्यात जास्त खपतात. सोसायटीच्या वार्षिक सभेचे हिशेब मागा. टँकरवर किती खर्च झाला ते त्यात लिहिलेलं असतं. ते दाखवायला कोणी कां-कूं करत असेल तर समजून घ्या.

पाणी न येण्याइतकंच पाणी आत शिरण्याचंही भय आहे. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, हे मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. 27 जुलै 2019 ला उल्हास नदीच्या पुरात बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं. जागा नदीच्या पूररेषेत येते का, हे पालिकेत विचारता येतं. त्याहून सोपं म्हणजे तळमजल्यावरच्या जुन्या रहिवाशाकडे जाऊन ‘पाणी कुठवर आलं होतं?’ एवढंच विचारणं. तो भिंतीवर हात ठेवून दाखवतो.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. विकत घेताना महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामकाचा, नोंदणी क्रमांक पाहायचा, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. पण तेवढं पुरत नाही. कल्याण-डोंबिवलीत 65 इमारतींना बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारे ही नोंदणी मिळाली होती, आणि 2024 मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. त्या घरांत राहणाऱ्यांनी कर्ज काढून, कागद पाहूनच ती घेतली होती. नालासोपाऱ्यात 2025 च्या सुरुवातीला 41 बेकायदा इमारती पाडल्या गेल्या. म्हणून महापालिकेच्या नगररचना विभागात स्वतः जाऊन परवानगी खरी आहे का आणि भोगवटा प्रमाणपत्र दिलं आहे का, हे विचारा. एक दिवस जाईल. आणि नोंदणीकृत करार होण्याआधी बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे तोंडपाठ ठेवा. तो मागेलच.

मुलांचं मात्र घाईने उरकू नका. महाराष्ट्रात 2020 च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी शिकवणं बंधनकारक आहे. गुवाहाटी, लखनौ, कोलकात्यात वाढलेलं मराठी घरातलं मूल बोलतं छान, पण लिहिताना अडखळतं. आमच्या मुलाला ऱ्हस्व-दीर्घाने रडवलं. शिकवणीपेक्षा आजीने रोज वर्तमानपत्रातला एक परिच्छेद घालून दिला, त्याचा उपयोग झाला. मुलगा किंवा मुलगी नववीच्या पुढे असेल तर फार विचार करा. वैद्यकीय प्रवेशात राज्याच्या 85 टक्के जागांसाठी दहावी-बारावी महाराष्ट्रातून झालेली असणं आणि अधिवासाचा दाखला या अटी येतात. त्या दाखल्यासाठी साधारणपणे पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. केंद्र सरकारी नोकरांच्या मुलांना काही सवलती आहेत, पण त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. दहावी एका राज्यात आणि बारावी दुसऱ्या राज्यात, अशी ओढाताण झालेली मुलं दोन्हीकडच्या कोट्याबाहेर राहू शकतात. अशा वेळी बदली झालेल्याने दोन वर्षं एकट्याने राहणं आणि कुटुंबाने जुन्या गावीच थांबणं, हाही विचार करण्यासारखा मार्ग आहे. आमच्या ओळखीच्या दोन घरांनी तो घेतला. सोपा नव्हता, पण मुलांचं वर्ष वाचलं.

चौदा महिन्यांनी आम्ही डोंबिवली पूर्वेला आलो. जुनी इमारत, लिफ्ट नाही, दुसरा मजला. तीन खोल्यांच्या दीड खोल्या झाल्या. डोंबिवलीची बाजू घेऊन मला काही विकायचं नाही. गाडीची गर्दी तिथे बदलापूरइतकीच जीव घेते, रस्त्यांचं काय सांगावं, आणि एमआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहत, वस्तीला चिकटून आहे. मे 2016 आणि मे 2024 मध्ये तिथल्या रासायनिक कारखान्यांत स्फोट झाले आणि आसपासच्या घरांच्या काचा फुटल्या. घर घेताना भिंतीपलीकडे काय आहे, हे बघा असं मी प्रत्येकाला सांगते ते त्यामुळेच. आम्ही एमआयडीसीपासून लांब, स्टेशनकडची बाजू धरली. यजमानांचा दिवसातला पाऊण तास वाचला. सासूबाईंना गणेश मंदिर चालत सात मिनिटांवर मिळालं. वाटेत भाजीवाल्या, औषधाचं दुकान, एक ग्रंथालय, आणि थांबायला कट्टे. दीड खोल्यांत आमची अडचण व्हायची, पण सासूबाई फारशा घरात नसायच्याच.

तेव्हा यंदा बदलीचं पत्र आलं असेल तर असं करा. जमलं तर जुलैत किंवा मेमध्ये या. शनिवारी रात्री पोहोचा, रविवार आराम करा आणि सोमवारी पहाटे आईला किंवा सासऱ्यांना बरोबर घेऊन त्या इमारतीसमोर उभे राहा. घर नंतर बघा. आधी त्यांना म्हणा, “इथून दूध आणून दाखवा.” त्या किंवा ते किती वेळाने परत येतात, रस्ता ओलांडताना कुठे थांबतात, वाटेत कुणाशी बोलणं झालं का, एवढं पाहा. मग वरती जाऊन हॉल किती मोठा आहे ते मोजा.