गुऱ्हाळाच्या गावी हाताचे दाबयंत्र

तोडलेला ऊस लवकर गाळला जाणे, हे चांगल्या गुळाचे पहिले गमक होय. उशीर झाल्यास उसातील साखर विघटित होऊ लागते आणि गुळाचा कण व रंग बिघडतो. म्हणून ऐन हंगामात चरक बंद पडणे कोल्हापूर जिल्ह्यातील गुऱ्हाळमालकास आणि ऊस उत्पादकास सारखेच महाग पडते. पुष्कळदा बिघाड क्षुल्लक असतो; झिजलेला बुश काढून नवा बसवावयाचा असतो. परंतु साधनाअभावी तो घणाने ठोकला जातो. मग बुश तिरपा बसतो किंवा त्यास चीर पडते, आणि अर्ध्या तासाचे काम शहराच्या फेऱ्यांत अडकते.

या कामास हाताने चालणारे तेलाचे दाबयंत्र, म्हणजे कारागिरांचा हायड्रॉलिक प्रेस, फार उपयुक्त आहे. त्याचे तत्त्व पास्कल या फ्रेंच शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडले. इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने १७९५ साली अशा यंत्राचे पेटंट घेतले. बंदिस्त तेलावर दिलेला दाब सर्व बाजूंस सारखाच पोचतो. लहान दट्ट्याचा व्यास १ सें.मी. व मोठ्याचा ५ सें.मी. असल्यास बळ २५ पट होते. तरफेने हाताचा जोर दहापट होत असेल, तर २० किलोच्या जोरावर, घर्षण वगळता, ५ टन बळ मिळते. मात्र लहान दट्ट्या २५ मि.मी. सरकला तरच मोठा १ मि.मी. सरकतो. हा संथपणा येथे गुणच ठरतो. बुश तिरपा होऊ लागताच कारागिरास थांबता येते.

असे यंत्र करू पाहणारे बहुधा जॅक आधी घेतात व सांगाडा हाती लागेल त्या लोखंडाचा करतात. हा क्रम उलटा असावयास हवा. जेवढे बळ कामावर पडते, तेवढेच सांगाड्यास फाडू पाहते. ५ टनांच्या यंत्रात दोन्ही खांबांवर प्रत्येकी अडीच टन ताण येतो. ६० सें.मी. गाळ्याच्या तुळईस १२५ मि.मी. उंचीचे दोन पोलादी चॅनेल पाठीस पाठ लावून वापरावेत. कोल्हापूरचे ओतकाम नावाजलेले आहे. तथापि सांगाडा बिडाचा ओतण्याचा मोह टाळावा. बीड दाब उत्तम सोसते, पण ताणास दुबळे असते आणि पूर्वसूचना न देता तुटते. ५ टनांच्या सांगाड्यात २० टनांचा जॅक कधीही बसवू नये. दाबमापक व जादा दाब सोडणारी झडप यांवरील खर्च हा जीवितरक्षणाचा खर्च समजावा.

एकट्या गुऱ्हाळास हे यंत्र वर्षातून मोजकेच दिवस लागेल. यास्तव गावच्या सेवा सोसायटीने ते सामाईक घेऊन गावातील वर्कशॉपात ठेवणे इष्ट आहे. हंगाम सरल्यावर पंप व ट्रॅक्टरच्या दुरुस्तीस ते कामी येईल. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी यात पुढाकार घ्यावा, आराखडा शिवाजी उद्यमनगरातील जाणत्या कारागिरांकडून तपासून घ्यावा आणि सांगाड्याची बलमर्यादा त्यावर ठळक अक्षरांत रंगवावी.