सहा गृहभेटी आणि बाळंतिणीचे मन

न्हावा शेवा : मार्च २०२०च्या टाळेबंदीत न्हावा शेवा बंदर अत्यावश्यक सेवा म्हणून सुरूच राहिले. कंटेनर वाहणारे ट्रेलर धावत होते. जिल्ह्याबाहेर माहेर असलेल्या गर्भवतीची वाट मात्र अडली. २ सप्टेंबर २०२०पर्यंत जिल्ह्याची हद्द ओलांडण्यास ई-पास लागत होता.

पहिले बाळंतपण माहेरी, ही प्रथा केवळ हौसेची नव्हे. शेकशेगडी, मालिश, डिंकाचे लाडू यांच्यासोबत रात्रीचे जागरण वाटून घेणारे हक्काचे माणूस तेथे असते. नेमके तेच दुरावले आणि त्यात संसर्गाच्या भीतीची भर पडली. मुंबईच्या नायर रुग्णालयात करोनाबाधित शेकडो मातांची प्रसूती झाली, त्याची चर्चाही झाली. घरी परतल्यानंतरच्या दिवसांची चर्चा फारशी झाली नाही.

विकसनशील देशांत प्रसूतीनंतर सुमारे २० टक्के स्त्रियांना मानसिक विकार, प्रामुख्याने नैराश्य, ग्रासते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे प्रमाण महासाथीपूर्वीचे आहे.

रुग्णालयातील प्रसूतीनंतर ४२ दिवसांत आशा कार्यकर्तीच्या सहा गृहभेटी ठरलेल्या आहेत. सप्टेंबर २०२०मध्ये याच आशांवर ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ सर्वेक्षणाचा भार आला. गृहभेटीच्या तक्त्यात बाळाचे वजन, तापमान, स्तनपान यांची तपशीलवार नोंद असते. आईच्या मनाच्या जवळपास जाणारा प्रश्न असा : ती असंबद्ध बोलते का, झटके येतात का? नैराश्यातील बाळंतीण असंबद्ध बोलत नाही. बहुधा ती बोलायचीच थांबते. बाळ झोपल्यावर तरी झोप लागते का, विनाकारण रडू येते का, हे विचारण्यास नवी योजना नको. तक्त्यात दोन ओळी वाढवाव्या लागतील.