घरांतली कचेरी आणि तिचा बोगदा

मार्च २०२० मध्यें देशभर टाळेबंदी झाली, आणि पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत एक नवा पाहुणा राहावयास आला. टाळेबंदी केव्हांच उठली. पाहुणा मात्र अनेक घरांतून अद्याप हललेला नाहीं. हा पाहुणा म्हणजे कचेरीचा लॅपटॉप होय. काम सुरू करावयाचें म्हटलें कीं तो आधीं परवलीचा शब्द विचारतो, मागोमाग फोनवर आलेला संकेतांक मागतो, आणि मगच व्हीपीएन जोडलें गेल्याचें सांगतो. घरांतील वडील मंडळींना हा सारा खटाटोप उगाच वाटतो. तो उगाच कां नाहीं, हें या महिन्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

घरून निघालेला मजकूर कचेरींत पोंचेपर्यंत अनेक परक्या यंत्रांच्या हातून जातो. व्हीपीएन, म्हणजे आभासी खाजगी जाळें, या वाटेंत जणूं एक बोगदा घालतें. मजकुराचा प्रत्येक तुकडा आपल्या यंत्रांतच गुप्तलिपींत बंद होतो, त्यावर दुसरें पाकीट चढतें, आणि कचेरीच्या दारांत गेल्यावर तें उघडलें जातें. मधल्या माणसास पाकीट कोठून कोठें चाललें एवढें कळतें. आंतील मजकूर वाचतां येत नाहीं. ओपनव्हीपीएन हें या कामाचें एक प्रसिद्ध साधन. तें जेम्स योनान यांनीं २००१ सालीं बाहेर काढलें. मध्य आशियांत प्रवास करीत असतां त्यांना परक्या देशांतील जोडण्यांवरून आपलें काम पाहावें लागे, आणि त्या काळजींतून हें साधन निघालें. गरजवंताला अक्कल नसते ही म्हण येथें तरी खोटी ठरली!

परंतु बोगदा वाट राखतो, दारें राखीत नाहीं. अमेरिकेंत टेक्सासपासून न्यूयॉर्कच्या बाजूपर्यंत इंधन वाहून नेणारी कोलोनियल पाइपलाइन कंपनीची सुमारें ५,५०० मैलांची नळवाहिनी आहे. पूर्व किनाऱ्याच्या इंधनापैकीं जवळजवळ ४५ टक्के तिच्यांतून जातें. ता. ७ मे २०२१ रोजीं कंपनीच्या संगणकांवर खंडणीची चिठ्ठी झळकली. सावधगिरी म्हणून कंपनीनें सारी वाहिनी बंद केली, ती ता. १२ रोजीं पुन्हा सुरू होऊं लागली. मधल्या दिवसांत पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि कित्येक पंप कोरडे पडले. कंपनीनें सुमारें ४४ लक्ष डॉलर खंडणी भरली. त्यांपैकीं कांहीं भाग सरकारनें पुढें परत मिळविला. चोर आले कोठून? कोणीं बोगदा फोडला नव्हता. वापरांत नसलेलें, पण बंद करावयाचें राहून गेलेलें व्हीपीएनचें एक जुनें खातें होतें, आणि त्याचा परवलीचा शब्द पुढें चोरीच्या शब्दांच्या यादींत सांपडला. तो शब्द साधासुधा नव्हता, असें कंपनीच्या प्रमुखांनीं सीनेटच्या समितीपुढें सांगितलें. तेवढ्यानें काय होणार? त्या खात्यास फोनवरील संकेतांकाचें दुसरें कुलूप नव्हतें.

आतां आपल्या घरांत पाहूं. कचेरीचा परवलीचा शब्दच किराण्याच्या व तिकिटांच्या संकेतस्थळांवर देण्याची संवय आम्हांस चांगल्या शिकलेल्या घरांतून दिसते. त्यांतील एका ठिकाणची यादी चोरीस गेली कीं कचेरीचें दारही उघडें पडतें. फोनवर आलेला संकेतांक कोणासही सांगूं नये. "आपल्याच कंपनीचा माणूस बोलतोंय" असें म्हणणारास तर मुळींच नाहीं. मुलांना शाळेच्या कामासाठीं तोच लॅपटॉप देणें सोयीचें वाटतें खरें. परंतु मुलानें अजाणतां उतरवून घेतलेला एखादा दूषित खेळ बोगद्याच्या आंतल्या बाजूस असतो. मग वाट कितीही बंद असली तरी तो सरळ कचेरीपर्यंत जाऊं शकतो. ऐपत असल्यास मुलांचें यंत्र निराळें ठेवावें. नसल्यास मुलांनीं घरच्या फोनवर काम भागवावें, हें आमचें स्पष्ट मत आहे.

जाहिरातींतून विकलें जाणारें व्हीपीएन ही गोष्ट वेगळी. तेथें बोगद्याचें दुसरें टोंक आपल्या कचेरींत नसून विकणाराच्या घरीं असतें, तेव्हां विश्वास त्याच्यावर टाकावा लागतो. फुकट मिळणाऱ्याविषयीं तर आम्ही साशंकच आहों. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेनें एप्रिल २०२२ मध्यें अशा विक्रेत्यांना ग्राहकांची माहिती पांच वर्षें जपण्याचा आदेश दिला. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला तो लागू नाहीं, असा खुलासाही केला.

चिरंजीव किंवा सूनबाई नोकरी बदलीत असतील, अथवा निवृत्त गृहस्थांचें सल्लागाराचें काम संपलें असेल, तर लॅपटॉप परत केला एवढ्यावर थांबूं नये. आपलें व्हीपीएनचें खातें बंद झालें काय, असें जुन्या कचेरीस पत्रानें विचारावें आणि उत्तर येईपर्यंत आठवण देत राहावें.