मरण मंजूर, ओलीस नामंजूर

'रिटर्नल'ची तारीफ आधीच करून टाकतो, म्हणजे पुढे तोंड सुटल्यावर कोणी मध्ये बोलायला नको.

हेलसिंकीच्या हाऊसमार्क या स्टुडिओने हा गेम ३० एप्रिल २०२१ रोजी सोनीच्या पीएस५साठी आणला. ही मंडळी १९९५ पासून गेम करत आहेत आणि त्यांची खरी विद्या एकच: पडदाभर गोळ्या, आणि त्यांतून अंग चोरून निसटणारा एक जीव. 'रेसोगन'मध्ये तेच, 'नेक्स मशिना'तही तेच. २०१७ मध्ये 'नेक्स मशिना'ला समीक्षकांनी डोक्यावर घेतलं, गिऱ्हाइकांनी ढुंकून पाहिलं नाही, तेव्हा 'आर्केड मेलं' असं यांनी स्वतःच जाहीर करून टाकलं. आणि मग त्याच मेलेल्या विद्येत जीव ओतून, तिला त्रिमितीत उभी करून 'रिटर्नल' केला. सेलीन नावाची अंतराळवीर अ‍ॅट्रोपॉस या ग्रहावर कोसळते, मरते आणि पुन्हा त्याच मोडक्या यानापाशी जागी होते. वाटेत तिला स्वतःचीच प्रेतं सापडतात, त्यांच्यापाशी स्वतःच्याच आवाजातल्या नोंदी. जेन पेरीने हा आवाज असा लावलाय की या नोंदी ऐकताना बंदूक खाली ठेवावीशी वाटते.

आणि लढाई! एवढ्या गोळ्या, तरी प्रत्येक गोळी दिसते. रंगावरून कळते, आवाजावरून कळते, पाठीमागून येणारीसुद्धा कानाला आधी समजते. डॅश मारला की गोळ्यांच्या भिंतीतून आरपार. डावा ट्रिगर अर्धा दाबला की नेम, पूर्ण दाबला की दुसरं अस्त्र. पहिल्या तासाला बोटं गोंधळतात, नंतर दुसऱ्या गेममध्ये ही सोय नाही म्हणून चिडचिड होते. चौथ्या टप्प्यातला हायपेरियन हा राक्षस भलाथोरला ऑर्गन वाजवत बसलेला असतो. आपण जिना चढत वर जायचं आणि ते संगीत वाढत जातं. गेल्या दहा वर्षांत बॉसची एवढी दिमाखदार एंट्री मी पाहिलेली नाही. २०२२ च्या बाफ्टामध्ये सर्वोत्तम गेमसह चार बक्षिसं मिळाली, त्यातलं एकही खैरातीत नव्हतं.

झाली तारीफ.

आता मला कोणीतरी सांगा, ४,९९९ रुपये मोजून घेतलेल्या गेममध्ये सुरुवातीला फेरी मध्येच सेव्ह करायची सोयच का नव्हती? एक फेरी नीट खेळायची तर दोन-अडीच तास सहज जातात. मध्ये थांबायचं तर गेम बंद करता येत नाही. यंत्र रेस्ट मोडमध्ये झोपवायचं, घरात दुसऱ्या कोणी दुसरा गेम लावायचा नाही, आणि आपोआप येणारे अपडेट बंद करून ठेवायचे. नाहीतर फेरी गेली. वर मे महिन्यात आलेल्या एका पॅचने काहींची सेव्ह फाइलच खराब केली आणि तो पॅच मागे घ्यावा लागला. आपल्याकडे तर विजेचा स्वतःचा वेगळा बॉस असतो. गावाकडे दुपारी लाईट गेली की सेलीनचा खून कुठल्या परग्रहवासीयाने केला हे विचारायची सोय नाही.

यावर भक्तमंडळींचं उत्तर ठरलेलं. हा रोगलाइक आहे, मरण कायमचं असलंच पाहिजे, तुला जमत नाही तर सोपा गेम खेळ. अरे, मरणाबद्दल तक्रार कोण करतंय? शंभरदा मारा. मी म्हणतोय उठून जेवायला जाऊ द्या. ज्या खेळावरून या प्रकाराला नाव पडलं तो 'रोग', १९८० च्या सुमाराला अमेरिकेतल्या सांताक्रूझच्या विद्यापीठातल्या मायकल टॉय आणि ग्लेन विकमन यांनी सुरू केलेला. त्यात खेळ जपून ठेवून उठून जाता यायचं. परत उघडला की ती फाइल पुसली जायची, म्हणजे फसवाफसवीला जागा नाही आणि मरणही कायमचंच. अक्षरांची चित्रं काढणाऱ्या त्या गेमला जे सुचलं, ते झगमगीत एसएसडीवर सेकंदात सुरू होणाऱ्या गेमला चाळीस वर्षांनी सुचू नये? बरं, अशक्य होतं असंही नाही. ऑक्टोबर २०२१ च्या अपडेटमध्ये नेमकी हीच सोय आली: फेरी थांबवा, परत या, पण तो थांबा एकदाच वापरता येईल. त्याने गेम सोपा झाला नाही, कोणाचा पराक्रम बाटला नाही. म्हणजे आधीचे सहा महिने जे चाललं होतं त्याला आव्हान म्हणत नाहीत, ओलीस ठेवणं म्हणतात. वेळ ज्याच्याकडे रिकामा, तोच शूर, असा हा हिशेब होता.

दुसरं दुखणं अजून तसंच आहे. चौऱ्याऐंशी लक्ष योनींच्या फेऱ्यात निदान संचित तरी पुढे जातं. 'रिटर्नल'मध्ये त्याचीही चणचण. ईथर नावाचं थोडं चलन शिल्लक राहतं, काही कायमची साधनं मिळतात, शस्त्रांचे उघडलेले गुण टिकतात, बस. एकदा हरवलेला बॉस टाळून पुढच्या टप्प्यात जाता येतं खरं, पण तसं गेलात तर तोकड्या आरोग्यपट्टीनिशी मार खायला जाता. म्हणून शहाणा माणूस पुन्हा पहिल्या जंगलात प्रत्येक खोली झाडत बसतो. आणि त्या खोल्या! नकाशा दरवेळी बदलतो म्हणतात. बदलतो तो खोल्यांचा क्रम. खोल्या त्याच. थोड्याच दिवसांत दार उघडायच्या आधी कळतं की डावीकडे खड्डा आहे आणि उजवीकडच्या कट्ट्यावर तोफ.

परजीवींची कल्पना मात्र झकास. अंगाला चिकटवून घेतलेला किडा एका हाताने देतो, दुसऱ्या हाताने काढून घेतो: मरणाच्या दारात असताना जखमा भरून काढेल, पण मारलेला प्रत्येक शत्रू मागे आम्लाचं डबकं सोडून जाईल. असा सौदा करताना खरोखर डोकं खाजवावं लागतं. हेच डोकं बाकीच्या वस्तूंसाठी का नाही वापरलं? तिथे आपलं संरक्षण इतके टक्के, नुकसान तितके टक्के, असली वाणसामानाची यादी. त्याच्या आधीच 'हेडीज' या गेमने दाखवून दिलं होतं की एका वरदानाने अख्ख्या फेरीची चाल बदलता येते. 'रिटर्नल'मध्ये चांगली बंदूक मिळाली तर फेरी रंगते, नाही मिळाली तर हात कितीही सोन्याचे असोत, तिसऱ्या टप्प्यात नशिबाला बोल लावायचा. (इलेक्ट्रोपायलॉन ड्रायव्हर हाती लागला की मी देव मानतो. बाकी वेळी नास्तिक.)

कथेबद्दल थोडक्यात. ग्रहावर मध्येच उभं असलेलं सेलीनचं जुनं घर आणि त्यातला तो जुन्या पोशाखातला अंतराळवीर, इथवर अंगावर काटा. पुढे आई, गाडी, पूल, पाणी यांचं एवढं कोडं घालून ठेवलंय की अर्थ लावायचं कामही गिऱ्हाइकाच्याच गळ्यात. खरा शेवट हवा तर पुन्हा तेच टप्पे पालथे घालून तुकडे गोळा करा. वेळेची कदर इथेही नाहीच.

एवढं सगळं बोलून झाल्यावरही गेम माझ्या यंत्रावर आहे, आणि कोणी विचारलं तर घे म्हणून सांगतो. पीसीवर तो फेब्रुवारी २०२३ मध्ये आला, तोवर थांबवायची सोय झाली होती. तिथून सुरुवात करणारे नशीबवान. हाऊसमार्कने पुढचा गेम 'सारोस' जाहीर केला तेव्हा मेल्यावर आधीपेक्षा बळकट होऊन परतता येईल, हेच जाहिरातीत ठळकपणे सांगितलं. म्हणजे कंपनीला कळलं. भक्तांना कळायला अजून एक-दोन जन्म लागतील.