पेरू, जाम आणि ग्वायाबा

ऑफिसात मेक्सिकोच्या टीमबरोबर काम सुरू झाल्यापासून मी स्पॅनिश शिकतोय. सोबतीला सात वर्षांची लेक. फळांची नावं तिची माझ्याआधी पाठ झाली. संत्रं म्हणजे 'नारांखा': आपलं नारंगच ते, इराणी-अरबांच्या तोंडून स्पेनला पोचलेलं.

गाडी अडली पेरूवर. स्पॅनिशमधलं 'पेरा' म्हणजे नासपती! आपला पेरू शब्द पोर्तुगीजांच्या 'पेरा'वरून आलेला, त्यांचाही अर्थ नासपतीच. आपल्या पेरूला स्पॅनिशमध्ये 'ग्वायाबा' म्हणतात. लेकीने विचारलं, "मग जाम?"

इंदूरच्या ठेल्यावर जामच मिळतो, पण आई घरात तो शब्द चालू देत नाही. मी तिला सांगितलं, स्ट्रॉबेरी मेक्सिकोत 'फ्रेसा', चिलीत 'फ्रुतिया'. पीच स्पेनमध्ये 'मेलोकोतोन', मेक्सिकोत 'दुरास्नो'. सगळी स्पॅनिशच ना?

"असेल. पण पुण्यात ही जाम म्हणाली, तर भावंडं हसतील तिला."

आईची काळजी खोटी नाही. तरी मी म्हणतो, हसू देत. आमच्या चार पिढ्या इंदुरात गेल्या. जाम आता आमच्याही मराठीतला. लेकीला दोन्ही शब्द येऊ देत.

बडोदेकरांनो, तुमच्या घरात काय म्हणतात, पेरू की जामफळ?